आवडीचा पहिला नंबर

मुक्काम परळ, मुंबई

सौ. बनुबाईस हैबतीचा आशीर्वाद. पोर नि मी खुशाल आहोत. पत्र कुशाबाकडून वाचून घे, पण दार लावून. उमरठात आताच बोभाटा नको.

आपली आवडी मुलींच्या हायस्कुलात घ्यायच्या परीक्षेत पहिली आली म्हणतात. वकील-डॉक्टरांच्या पोरी मागं नि आपली पुढं? मला खरं वाटलं नाय. नावाची गफलत असंल, म्हणून गिरणीत खाडा करून हायस्कुलातल्या बाईंसमोर उभा राहिलो. म्हटलं, माझ्यादेखत परत विचारा.

बाईंनी इंग्रजीत विचारलं, पोरीनं फडाफडा इंग्रजीत सांगितलं. बाई नुसत्या मान डोलवत होत्या. मला वाटलं, दोघींचं आधीच ठरलेलं हाय.

मग मला येतं तेच मी विचारलं. खळ्यावर भात मोजताना मीच तिला अडीचकीचा पाढा शिकवलेला. म्हटलं, "सतरा अडीच किती गो?"

पोर थांबली. आढ्याकडं बघितलं, बोटं मोजली, मग म्हणाली, "साडेबेचाळीस, बाबा."

बरोबर हाय. नाव घातलं.

तुझा खोकला गेला का? म्हैस व्याली का?

एक संशय मात्र जात नाय. इंग्रजीला न अडलेली पोर सतरा अडीचला कशी अडली? बापाचा प्रश्न अवघड वाटावा, म्हणूनच थांबली असंल.

हैबती