वरूडची माणसं घर पाहायला येणार

१२ जानेवारी १९५९, अमरावती

पंजाबराव येऊन गेले.

घरमालक म्हणून वर्षातून एक-दोनदा येतात, मोर्शीहून. ओसरीवर चहा घेतात आणि जातात. आज मात्र उठून आत आले. माजघर पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं. मी सकाळीच सारवलं होतं. भिंतींना पांढऱ्या मातीचा हात परवाच दिलेला. पितळेची भांडी चिंचेनं घासून लखलखीत. म्हणाले, "बाई, हे माहंच घर हाय का वो? वळखू येऊन नाही राहिलं!" मी खुळी, खूश होऊन हसले. मग चपला घालता घालता म्हणाले, "आमच्या सुखदेवचं लगन जमून राहिलं. त्याले आता अमरावतीतच राहा लागते."

एवढंच. पण तेव्हापासून मी एकेका भिंतीपाशी जाऊन उभी राहते आहे.

१३ जानेवारी

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अगं, बोलले असतील सहज. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून आपण काय रस्त्यावर येतो का?"

ह्यांचं काय जातं! शाळेत जातात, पोरांना भूगोल शिकवतात. मला विचारा म्हणावं. याआधी अकोल्याची ती खोली मिळाली तेव्हा भिंतीला हात लावला की माती हातात यायची. मी भोकं बुजवली, जमीन उकरून चोपली, न्हाणीला उतार काढला. घर घरासारखं दिसायला लागलं आणि मालकाची बहीण राहायला आली! आमचं सामान बैलगाडीत. मला चौथा महिना होता. त्या उचलाउचलीत ते गेलं. त्यावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

हे घर जाऊ द्यायचं नाही. नाही म्हणजे नाही.

१५ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. शेजारच्या मनकर्णाबाई बसल्या त्या उठेचनात. भिंतीवरून हात फिरवून म्हणतात, "कसं गुयगुयीत केलं वो!" मी हळूच पंजाबरावांचं सांगितलं. तर म्हणाल्या, "मंग काहून इतकं चमकवता? नवरीवानी सजवलं घर, कोनाच्याबी डोयात भरन! होऊ द्या थोडी घान."

इश्श! काहीतरीच.

१८ जानेवारी

सारवताना मात्र भीती वाटत नाही. का कोण जाणे. शेण कालवलं की जो वास येतो तो मला आवडतो — लोक हसतील, हसू देत. भिंतीपासून सुरुवात करायची, हाताच्या कमानी एकीला एक लावत मागे मागे यायचं, शेवटची कमान उंबऱ्याशी. मग जमीन वाळेपर्यंत उंबऱ्यावर नुसतं बसायचं. कुणी पाय ठेवायचा नाही! हेसुद्धा मागच्या दारानं. तेवढा वेळ मी कुणाची भाडेकरीण नसते.

आज अशीच बसले होते तर फाटक वाजलं. अर्धी उठलेच! दूधवाला होता मेला.

२२ जानेवारी

सुखदेव आला होता. छपरावरची फुटकी कवेलू बदलायला, बापानं पाठवलं म्हणे. लहानपणापासून एक पाय अधू आहे त्याचा, तरी शिडी चढला. मला बघवेना. खाली उतरल्यावर पाणी दिलं. जमीन मळेल म्हणून आत यायला तयार नाही, बाहेरच उकिडवा बसला.

"वावरातलं काम माह्यानं होत नाही बाई, म्हून इथं कचेरीत लागलो," म्हणाला. पायावरून जमलेली लग्नं मोडलीत बिचाऱ्याची. ही मुलगी वरूडची. तिला पाय चालतो. तिच्या मामानं एकच अट घातली आहे — भाचीला राहायचं ते घर आधी पाहणार. "घर पाह्यलं का मामा हो म्हनतेच. तुमच्या हातचं घर हाय," आणि लाजून हसला.

चांगला मुलगा आहे. कशाला आला इथे! शिष्ट असता तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी

निरोप आला. वरूडची माणसं तीन तारखेला घर पाहायला येणार. पसंत पडलं तर होळीच्या आत मोकळं करून द्या.

हे म्हणाले, "दुसरं पाहू." आणखी एक घर. पुन्हा भिंती, पुन्हा न्हाणी, आणि पुन्हा कुणाची तरी बहीण. जेवण गेलं नाही.

२५ जानेवारी

आजपासून झाडू नाही.

२९ जानेवारी

काय अवस्था झाली आहे! चुलीला पोतेरं नाही, राख पसरलेली. न्हाणीत शेवाळ. जमिनीचे पोपडे उठलेत, मीच पाण्याची बादली लवंडली वर. जळमटं तर हा हा म्हणता धरली, जशी वाटच पाहत होती. कंदिलाची काच काळी. भिंतीवर तव्याची काजळी मी स्वतःच्या हातानं फासली! हात कसा धजला देवालाच ठाऊक. नंतर न्हाणीत जाऊन रडले.

१ फेब्रुवारी

हे रोज सगळं पाहत होते. आज म्हणाले, "कुंदा, तू हे मुद्दाम करते आहेस."

मी म्हटलं, "हो. मग?"

ते झाडूकडे वळले. "अकोल्यासारखं नको ना व्हायला," मी म्हटलं. तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उठून पाठीवर हात ठेवला आणि बाहेर गेले. झाडू मागच्या कोपऱ्यात उभा आहे. मी तिकडे बघतच नाही.

३ फेब्रुवारी

आले. हे शाळेत, मी एकटी.

मामा पुढे, धोतराचा सोगा उचलून धरलेला. माजघरात दोन पावलं टाकली, नाकाला उपरणं लावलं. "इथं राहीन पोरगी?" पंजाबराव वेड्यासारखे भिंतीकडे बघत होते. "अवो, मांगं आलतो तवा आरशावानी होतं! बाई, सांगा ना तुमी!"

मी पदर तोंडाला लावून उभी राहिले.

मामानं चहाही घेतला नाही. सुखदेव फाटकाशीच होता, नव्या सदऱ्यात. त्याला आत बोलवायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

४ फेब्रुवारी

वाचले! वाचले! पहाटे उठून कामाला लागले. जळमटं काढली, न्हाणी विटेनं घासली, चूल सारवली, काजळी खरवडली आणि पांढऱ्या मातीचे दोन हात दिले. दुपारी जमीन. चक्क गाणं म्हणत होते! हे संध्याकाळी मागच्या दारानं आले आणि चपला हातात धरून उभे राहिले. दोघंही हसत सुटलो.

७ फेब्रुवारी

अजून काही निरोप नाही. फाटक वाजलं की पुन्हा तशीच अर्धी उठते. घर नापसंत पडलं ना त्यांना? मग दुसरं बघतील. अमरावतीत घरं काय कमी आहेत! मुलगी तर पसंत आहे. होईल त्याचं.

११ फेब्रुवारी

सुखदेव आला. फाटकाच्या आत आला नाही.

लग्न मोडलं. मामा म्हणाला, ज्याइचं घर असं, त्याइची मानसं कशी असतीन. पाय चालला असता, हे नाही.

"घर तुमीच ठेवा आता, बाई. आमाले काही लागत नाही," म्हणाला. वळला, आणि पुन्हा थांबला. "त्या दिवशी तुमाले बरं नव्हतं काय?"

मी म्हटलं, हो.