घासते, खात नाही

सेक्टर २, भिलाई
दि. १९ जानेवारी २०२५

मोठ्या बाईस भागीचा सप्रेम जयभीम.

इकडं सारे बरे हाय. तुहे गुडघे कसे हाय ते कळव, आणि भाऊजींचा खोकला मोडला का नाई तेही. संघमित्राचे बाबा ड्युटीवर गेले, भांडे घासून झाले, आता दुपारी बसून लिहून राहिली. तू म्हणशीन, हातात मोबाईल असून पत्र कावून? तुहा फोन सदा स्पीकरवर असते बाई, आणि तुह्या अंगणात अर्धं आमगाव बसून असते. एका कानाचं बोलणं दहा कानाले जाते.

संघमित्राचं लग्न मार्चात धरलं. इथंच विहारात. पांढरी साडी तिनं रायपूरलेच घेतली. पोट्टी खुश हाय, जावईही शांत हाय. बाकी तू आल्याशिवाय मी काईच ठरवत नाई.

तू पाठवलेली लाल मिरचीची चटणी पोचली. खरं सांगू का, शेजारच्या कौशल्याबाईले देऊन टाकली. रागावू नको. मी आजकाल फिकंच जेवते. घरात सारे म्हणतात, बीपीले बरं हाय.

आता मुद्द्याचं. तुह्या भाचीनं माह्या दाताचा ध्यास घेतला. म्हणे, "मम्मी, माह्या शादीत तू पल्लू तोंडावर धरून हसशीन ना, तो मैं फोटो ही नहीं खिंचवाऊँगी." मी म्हणलं, बाप्पा, पन्नाशी उलटल्यावर मी कोणाले दात दाखवू? पण ते पोट्टी तुह्यावर गेली, ऐकते थोडी. सुपेल्याच्या एका दातवाल्या डॉक्टरणीचा नंबर लावून टाकला.

व्हिनियर म्हणतात त्याले. समोरचे दात थोडे खरडतात आणि वरून चिनी मातीचा पातळ पापुद्रा चिकटवतात, आपल्या क्वार्टरच्या जुन्या भिंतीवर लोकं टाईल लावतात तसा. मी संघमित्राले विचारलं, आतली भिंतच सडली असन त? त म्हणे, ते डॉक्टर पाहीन.

माहे दात तुले माहीत हाय. काळे झाले, मुळाशी झिजले, खालचा एक हलते. आपल्या घरी दाताकडं कोणी पाहिलंच कवा? दुखला की बोटावर गुडाखू घेऊन घास, नाई दुखला तरी गुडाखू. तरी बाई, खरं सांगते, त्या दिवशी जाताना मनात हौस होती. रिक्षात बसल्या बसल्या मी विचार करून राहिली होती की पांढऱ्या साडीतल्या पोरीच्या बाजूला उभी राहून मीही एकदा तोंडभरून हसन. लाज वाटते लिहाले, पण वाटलं होतं.

डॉक्टरीण आपल्या संघमित्राच्याच वयाची. गोड बोलते. तिनं विचारलं, "माँजी, तंबाकू खाती हैं?" मी ठसक्यात म्हणलं, "कभी नहीं." संघमित्राच्या बाबाचा खर्रा मी भांडून भांडून सोडवला, सारी गल्ली साक्ष हाय. मले कोण तंबाखू विचारते?

मंग म्हणे, "दाँत किससे साफ करती हैं?"

म्हणलं, "गुडाखू से."

तिनं हातातला लहानसा आरसा खाली ठेवला. "माँजी, वो तंबाकू ही है. गुड़ में मिलाया हुआ."

मी म्हणलं, "पर मैं खाती नहीं. घासती हूँ."

ते हसली नाई. मले वाटलं होतं हसन. मंग तिनं माहा खालचा ओठ ओढून बाहेर केला, आणि बराच वेळ पाहत राहिली. जिथं आपलं बोट फिरते ना बाई, सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, दुपारी बायका जमल्या की अजूक एकदा, बरोबर तिथंच. मले तोंड मोठं उघड म्हणलं. नाई उघडलं. मी म्हणलं, थंडीनं अकडलं असन. ते म्हणे, किती दिवसाचं हाय? मी पदर तोंडावर ओढला.

तुह्यापाशी काय लपवू. दिवाळीच्या आधीपासून तिखट लागून राहिलं. नुसतं तिखट नाई, आग. म्हून तुही चटणी देऊन टाकली. ओठाच्या आत पांढरा डाग हाय, भिंतीवर चुन्याचा हात मारल्यासारखा. मी कपड्यानं पुसून पाहिला, नखानं खरडला, निघत नाई. आणि फोन याच्यासाठी केला नाई की माहं बोलणं आता थोडं जड येते. तू दोन शब्दात ओळखलं असतं. मायचं बोलणं जड झालं तवाही तूच पहिले ओळखलं होतं.

डॉक्टरीण म्हणे, दात नंतर. आधी सेक्टर नऊच्या दवाखान्यात जा, तिथं लहानसा तुकडा काढून तपासतीन. वाईटच निघन असं नाई म्हणे, पण पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकत नाई. संघमित्रा बाहेर बाकावर बसली होती. मी डॉक्टरणीचे हात धरले, तिले सांगू नका म्हणलं. बाहेर येऊन पोट्टीले सांगितलं की हिरड्या सुजल्या, व्हिनियर लग्न झाल्यावर. तिचं तोंड उतरलं. फोटोचं वाटलं तिले.

मी ठरवलं होतं, लग्न होऊन जाऊ दे. मार्च काई दूर नाई. पोरगी सासरी गेली की मंग दवाखाना, मंग काय व्हायचं ते होवो. घरी कोणाले पत्ता लागू द्यायचा नाई.

मंग परवा पेटी उघडली. संघमित्राले जुने फोटो पायजे होते. त्यात माह्या लग्नातला एक निघाला. मी आणि तू पुढं, आणि मागं माय. पदर तोंडावर धरलेला, नुसते डोळे दिसतात. आठवते का? आपण दोघी तिले चिडवत होतो, जावयाले लाजते म्हून. बाई, ते लाजत नव्हती.

माहं लग्न होऊ दे म्हून ते थांबली होती. मंग आपण म्हणलं तोंड आलं, गरमी झाली. तू तिले चमच्यानं पेज पाजली, जिरं-खडीसाखर लावली, तरी माय गेली. तोंड आलं नव्हतं बाई. मले आता माहीत झालं. तुले कदाचित तवाच माहीत होतं, तू कवा बोलली नाई.

तो फोटो हातात धरून मी रडली. मंग राग आला. मायचा आला, माहाही आला. माह्या पोरीनं तीस वर्षांनी असाच फोटो हातात धरून बसायचं का? म्हून मी थांबत नाई. पुढच्या सोमवारी, २७ तारखेले, दवाखान्यात जाते. मले भेव लागून राहिलं. रात्री नाई, दिवसाच लागते, स्वयंपाक करता करता. तू आदल्या दिवशी, रविवारी ये. तू असली की मी संघमित्राले आणि तिच्या बाबाले समोर बसवून सांगन. एकटीनं माह्यानं होत नाई.

आणखी एक. मी लहान असताना माही दाढ दुखत होती तवा गुडाखूचं पहिलं बोट तू फिरवलं होतं, आठवते? मी रडून राहिली होती, तू मले मांडीवर घेतलं होतं. आता हे वाचून तू स्वतःले बोल लावत बसशीन, मी तुले वळखते. नको लावू. मले त्यातली तुही मांडीच आठवते.

पण तुही डबी अजूक कनवटीले असते. दातवण म्हणशीन, औषध म्हणशीन, घासते, खात नाई म्हणशीन. मीही तेच म्हणली होती. हे पत्र वाचून झालं की उजेडात आरसा घे आणि खालचा ओठ ओढून पाह. काई दिसलं तरी ये, नाई दिसलं तरी ये. सोमवारी दोघी जाऊ, एकाच बाकावर बसू, आणि पदर खाली सोडून दोघी तोंड उघडू.

भाऊजींले जयभीम.

माय थांबली तशी न थांबणारी,
तुही भागी