घोडबंदरचं गरम पाणी

गोडदेव, ६ जानेवारी २०२५

चि. हरिश्चंद्र यास ताईचे अ. उ. आ.

फोनवर तू बोलतोस तेव्हा आशा मागून शब्द पुरवते, हे मला ऐकू येतं. म्हणून पत्र. लिहिताना तुला खोटं जमत नाही.

दर जानेवारीत मी पंधरा दिवस तुमच्या बंगल्यावर राहते. यंदा म्हणतोस, येऊ नकोस, स्विमिंग पूलला सोलर बसवतोय. अरे, पूल अंगणात, सोलर गच्चीत आणि मी झोपते मधल्या खोलीत. माझी अडचण कुणाला? तुमचा लेक अभिनव पुण्याला गेल्यापासून त्या पूलमध्ये वाळक्या पानांखेरीज कुणी उतरलेलं नाही. मग पाणी तापवायचं कुणासाठी? भाऊबीजेलाही तुझी बायको माझ्याशी धड बोलली नाही. भावाच्या घरी मी नकोशी झाले असेन, तर तसं स्पष्ट लिही.

लोभ आहेच. वाढवायचा की नाही, ते तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझी ताई, वासंती


गोडदेव, ११ जानेवारी

चि. हरिश्चंद्र, आशीर्वाद मागच्या पत्रातलेच पुरवून वापर.

उत्तर नाही, म्हणून काल मीच आले. तुम्ही दोघं घरी नव्हतात. गच्चीत दिपेश नावाचा सोलरवाला काळ्या नळ्या जोडत होता. पूलचं पाणी पंपाने वर चढवायचं, उन्हात तापलेल्या नळ्यांतून फिरवून पुन्हा खाली सोडायचं, हे त्याने छान समजावलं. कुणासाठी, असं विचारताच म्हणाला की आंटी, ते विचारू नका, अंकलनी मना केलंय.

पूलचं पाणी म्हणे तेहतीस डिग्रीवर ठेवायचं, आणि तेही घोडबंदरमध्ये! बंगला पार्ट्यांना भाड्याने द्यायचा बेत आहे, म्हणून माझी खोली रिकामी हवी, इतकं मला कळतं. मालकाची थोरली बहीण काम बंद करतेय, पुन्हा दिसलास तर चौकीत नेईन, असं मी त्याला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत ठणकावलं. हत्यारांची पिशवी घेऊन तो पळाला.

आता तरी खरं लिही.

वासंतीताई


घोडबंदर, १४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

संक्रांतीला गोड लिहावं, पण जमत नाहीये. दिपेश फोन उचलत नाही.

आशाला पार्किन्सन झालाय. ऑगस्टमध्ये कळलं. तिचे कडक झालेले पाय कोमट पाण्यात सैल होतात, म्हणून डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितलंय. तू आलीस तेव्हा आम्ही त्यासाठीच मीरा रोडला गेलो होतो. तिथला जिना आता तिला चढवत नाही, म्हणून घरी सोय करत होतो.

तुला कळवू नये ही शपथ तिचीच. भाऊबीजेला तिच्या हातून कप निसटला, तेव्हा माहेरी कामाची सवय नसली की असंच होतं, असं तू म्हणालीस. त्या दिवसापासून ती माणसांसमोर हात पदराखाली धरून बसते. आज खुर्चीतून उठायला तिला दहा मिनिटं लागली.

लोभ असू दे, पण आधी तिच्यावर.

तुझा हरी


गोडदेव, १७ जानेवारी

सौ. आशास वासंतीचा नमस्कार. आशीर्वाद द्यायला आज मला तोंड नाही.

काल हरीचं पत्र वाचलं आणि तशीच केबिन रोडवर दिपेशचं दुकान शोधत गेले. मला पाहून तो शटर ओढायला लागला. भर दुकानात मी त्याची हिंदीत माफी मागितली. माझं हिंदी तुला ठाऊक आहे, गिऱ्हाइकांची चांगली करमणूक झाली. मंगळवारी तो नळ्या जोडायला येतोय.

तुझी माफी मात्र पत्रातून मागणार नाही. कागदावर ती फार स्वस्तात सुटते. ती समोर बसून मागायची आहे, पण कधी, ते मी ठरवणार नाही. तू बोलावल्याशिवाय तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, मग वर्ष लागलं तरी चालेल.

फक्त उत्तराचं पत्र हरीला सांगून लिहून घेऊ नकोस. तू स्वतः लिही. अक्षर कसंही येवो, मला वाचता येईल. ‘या’ लिहिलंस तर येईन. ‘येऊ नका’ लिहिलंस तर तेही जपून ठेवीन.

लोभ मागायचा हक्क तुझा. मी वाट पाहते.

वासंती