माह्यासमोर ओढ

बा, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला धीर होतो आहे. समोर बसून बोलायचं असतं तर जमलं नसतं. तसं ते तू होतास तेव्हाही जमलं नाही. सगळी नोकरी मुलांना शुद्धलेखन शिकवण्यात गेली, त्यामुळे लिहायला बसलं की शाळेचीच भाषा हाती येते. हसू नकोस. मनातल्या मनात मी तुला अजून 'काऊन गा, बा?' असंच विचारते, आणि आज विचारायचं आहे तेही एवढंच आहे.

घरात काय झालंय ते आधी सांगते. माझा नातू सोळा वर्षांचा आहे. गडचिरोलीला खोली घेऊन अकरावी शिकतो. चार दिवसांपूर्वी माझा मुलगा न कळवता त्याच्या खोलीवर गेला, तर हा खिडकीत उभा राहून सिगारेट ओढत होता. मुलानं त्याला तसाच बसमध्ये बसवून इथं कुरखेड्याला आणलं. तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. मुलगा म्हणतो, शिक्षण पुरे झालं, आता इथंच धानाच्या बांधीत चिखल तुडव. सून म्हणते, ओढायचीच असेल तर घरात ओढू द्या, डोळ्यांसमोर तरी राहील. आणि दोघंही शेवटी माझ्याकडे बघतात, कारण साऱ्या घराला ठाऊक आहे की माझ्या बापानं मला चौदाव्या वर्षी स्वतःसमोर बिडी ओढू दिली. ही गोष्ट मीच सांगत आले, आणि तीही मोठ्या तोऱ्यात. काल नातवानं ती माझ्याच गळ्यात घातली. "आजी, तुह्या बापानं तुले ओढू देल्ली ना? मंग मले काऊन नाई?" उद्या सकाळच्या बसनं त्याला परत पाठवायचं की इथंच ठेवायचं, ते मी सांगायचं आहे. आणि माझी पंचाईत अशी की तू मला ओढू दिली होतीस की नाही, हेच मला नक्की ठाऊक नाही.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. थंडीच्या सकाळी तू कमरेएवढ्या पाण्यात उभा आहेस, हातात फेकजाळं. मी तलावाच्या पाळीवर, अंगावर मायचं जुनं लुगडं गुंडाळून बसलेली. पुढ्यात फुटक्या गाडग्याचं खापर, त्यात घरून आणलेले निखारे. थंडी हाडांत शिरली की तू पाण्यातून हाक मारायचास, "पोरी, पेटव." तुझे हात ओले; ओल्या बोटांनी धरली की तेंदूचं पान लिबलिबीत होतं आणि बिडी विझते. म्हणून ती मी पेटवायची, तू काठाशी आलास की घोट्याभर पाण्यात उतरून तुझ्या ओठांत धरायची. तू दोन झुरके घेऊन मान हलवायचास, मी बिडी काढून घ्यायची, पुन्हा जाळं टाकून झालं की पुन्हा धरायची. तुला मरळ मासा गावला की मला आणखी एका झुरक्यासाठी बिडी धरावी लागे, तेवढा तू खूश असायचास. आठव्या-नवव्या वर्षापासून हे काम माझं होतं. आता सांग, निखाऱ्याला नुसती टेकवून बिडी पेटते का? ओढावीच लागते. हे गावातल्या सगळ्या बापांना ठाऊक होतं, सगळ्यांची पोरं चुलीवरून बिड्या पेटवून आणत होती, आणि तरी कुणाला कधी वाटलं नाही की पोर बिडी ओढतं आहे. पेटवणं वेगळं आणि ओढणं वेगळं, अशी आपल्याकडची समजूत. पेटवण्यातून ओढण्याकडे मी कधी गेले, ते मलाही कळलं नाही. तुझ्या उरलेल्या अर्ध्या बिड्या मी ओच्यात लपवू लागले आणि घरामागच्या तणसाच्या, वाळक्या पेंढ्याच्या ढिगाआड बसून ओढू लागले.

मग ते शाळेचं झालं. आपल्या गावातून दोन कोस चालत सातवीला जाणारी मी एकटी मुलगी. गुरुजींना एकदा माझ्या तोंडाचा वास आला आणि त्यांनी तुला बोलावून घेतलं. तू धुतलेलं धोतर नेसून आलास आणि वर्गाच्या दाराशी उभा राहिलास, आत बसायला कुणी सांगितलं नाही. गुरुजींच्या बोटांना तपकिरीचे डाग होते, बोलता बोलता ते शिंकतही होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पण आवाज मोठा कडक. "मुलीच्या तोंडाला बिडीचा वास येतो. उद्या इतर पालक मुली पाठवायचे नाहीत. चोरून ओढत असेल तर हिला शाळेतून काढावं लागेल." मी जमिनीकडे बघते आहे. माझी शाळा आता संपली, हे मला दिसतं आहे. आणि तू म्हणालास, "चोरून नाई जी. मीच देतो तिले."

तू पुढं म्हणालास, "पाण्यात राहतो मी. माह्यी बिडी थेच पेटवते. तिचा गुन्हा नाई, माह्याच हाय. आता नाई पेटवणार." वर्ग हसला. बापच पोरीला बिडी देतो म्हणून हसला. आयुष्यात कुणापुढं मान खाली न घालणारा तू, त्या हसणाऱ्या पोरांपुढं हात जोडून उभा होतास. माझी शाळा राहिली. पण तू खोटं बोललास की खरं? देत तर तूच होतास, रोज, स्वतःच्या हातानं. आणि माझ्या ओच्यातल्या बिड्यांचं तुला तेव्हा ठाऊक होतं की नव्हतं, हेही मला कधी विचारता आलं नाही.

परतताना जंगलातल्या वाटेनं तू पुढं, मी मागं. मी मनात ठरवलं होतं की मार बसणार, आणि बसला असता तर बरंच झालं असतं. मग मोहाच्या झाडांपाशी मागं न बघता तू म्हणालास, "ओढाचीच असंन तं माह्यासमोर ओढ. लपून नको." बस्स. त्याच चालीनं पुढं गेलास. मी मागून येत राहिले आणि ते वाक्य उलटंपालटं करत राहिले. बा, आपल्या लोकांत बापासमोर बिडी ओढणं म्हणजे बापाच्या तोंडावर थुंकणं. मोठमोठे मिशीवाले लेकसुद्धा बाप दिसला की बिडी मुठीत विझवतात, हाताला चटका बसला तरी. मग 'माह्यासमोर ओढ' याचा अर्थ 'ओढूच नको' असाच होतो. कुणीही शहाणं पोर ते समजलं असतं. पण तू शाळेत सगळ्यांपुढं 'मीच देतो' म्हणालेला, आणि मी चौदा वर्षांची. मला वाटलं, तू बोललास तेच तुला म्हणायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर तू हाक मारली नाहीस. गुरुजींना शब्द दिला होतास ना. मी मात्र आपण होऊन तुझी बिडी पेटवली, आणून तुझ्या ओठांत धरली. तू घेतलीस. मग परत पाळीवर येऊन मी दुसरी पेटवली आणि तुझ्याकडे तोंड करून ओढायला लागले. पाण्यावर धुकं आहे, तू जाळं खांद्यावर घेऊन उभा आहेस आणि माझ्याकडे बघतो आहेस. तुझा चेहरा मी इतक्यांदा आठवला आहे की आता तो खरा कोणता आणि मी रचलेला कोणता, ते वेगळं करता येत नाही. राग नव्हता. हसूही नव्हतं. थोड्या वेळानं तू पाठ फिरवलीस आणि दुसरीकडे जाळं फेकलंस. त्या दिवसानंतर तू मला कधी तलावावर नेलं नाहीस. आगपेटी पागोट्यात खोचून जायचास. काड्या भिजायच्या, बिडी विझायची, तरी नाही. मला बिडी मिळाली आणि सकाळ गेली. घरात मी तुझ्यासमोर ओढली तरी तू काही बोलत नव्हतास, फक्त उठून अंगणात जायचास. मौन म्हणजे संमती, असं मी पुढं पोरांना शिकवलं. शिकवताना दर वेळी जीभ अडखळायची.

मायला मी एकदा विचारलं, तू गेल्यावर. ती म्हणाली, "त्याले तणसाचा धाक होता, बाई. लपून ओढशीन अन् आग लागंन म्हणून बोल्ला थो. दुसरं काई नाई." इतकं साधं? मी इतकी वर्षं ज्याच्यात तुझा मान, तुझा अपमान, तुझी माया शोधत होते, ते नुसतं तणसापायी? असेलही. माय तुझ्याबरोबर तीस वर्षं नांदली, मी त्याच्या निम्मीच राहिले. आणि तू गेलास तो छातीच्या दुखण्यानं, खोकून खोकून, गोधडीवर बसल्या बसल्या. इतकी वर्षं तुझी बिडी पेटवणारी मीच. हा विचार मी मनात फार वेळ ठेवत नाही, पण तो येतो. नोकरीत लागल्यावर मी बिडी सोडली, तीही कुणी नको म्हटलं म्हणून नाही. शाळेत वास नको म्हणून. आता जिना चढले की मलाही तुझ्यासारखाच दम लागतो.

मग मी त्या पोराला काय सांगू? ओढू दे म्हणू, तर सून म्हणते तसा तो डोळ्यांसमोर राहील. पण मी तुझ्या डोळ्यांसमोरच होते, आणि तू तोंड फिरवलंस. बंदी घालावी, तर माझा मुलगा म्हणतो तशी त्याची शाळा सुटेल आणि सिगारेट तेवढी राहील. दुपारपासून लिहिते आहे आणि एकाही बाजूला मन ठरत नाही. तुझा राग येतो. मग शाळेच्या दाराशी जोडलेले तुझे हात दिसतात आणि रागही धड टिकत नाही.

मघाशी लिहिता लिहिता उठले आणि अंगणात गेले. नातू पायरीवर मोबाइल घेऊन बसला होता. मी शेजारी बसले. म्हटलं, "ते गोष्ट मी अर्धीच सांगत होती रे. माह्या बानं मले ओढू नाई देल्ली. नको मनलं होतं त्यानं. मले बरं नाई वाटत पोरी, नको ओढू, असं मनलं होतं." त्यानं मोबाइल खाली ठेवला. "अन् तू आयकलं त्याचं?" म्हणाला. मी म्हटलं, "आयकलं." मग मी त्याला म्हटलं, "मलेही बरं नाई वाटत. नको ओढू." तो उठून गेला नाही. मुलाला सांगितलं आहे, उद्याच्या बसनं पाठव. तो सोडेल की नाही, मला ठाऊक नाही.

हे पत्र टाकायला पेटी कुठली असणार, वहीतच राहील. एवढंच कबूल करते की तू कधीच न बोललेला शब्द आज मी तुझ्या तोंडी घातला. त्या सकाळी पाळीवर बसून, ती बिडी संपेपर्यंत, मी त्या शब्दाचीच वाट बघत होते.