देव इथंच राहतील

१ फेब्रुवारी

आलो! सामान उतरवून झाल्यावर गोपीनाथने टेम्पोत पुन्हा डोकावून पाहिलं. एवढंच? एवढंच. बाकी सगळं टॉवरच्या अठराव्या मजल्यावर, त्याच्या आईच्या ताब्यात.

हे सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसायचा नाही. गोपीनाथ आमचा समोरच्या दारातला शेजारी. आमचा टॉवर त्यांच्याच भातशेतावर उभा आहे. त्याची आई, जाईबाई, बाळकुम गावातल्या या जुन्या कौलारू घरात एकटी. घराच्या पायऱ्या उंच, हिचे गुडघे गेलेले. लेक म्हणतो वर चल, तर सुनेच्या स्वयंपाकघरात ही राहणार नाही. आणि मी? मी सलग तीन वर्षं जानेवारीत ‘समुद्राकाठी साधं घर’ असा संकल्प लिहितेय आणि डिसेंबरात तो पुढच्या वर्षात ढकलतेय. कोकणात जायचं तर सलिलचा हार्टचा डॉक्टर इथे ठाण्यात, खोपटला. त्याला सोडून हा हलत नाही.

महिन्यापूर्वी लिफ्टपाशी जाईबाई गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगत होत्या, मी पाण्याकाठी राहायला न मिळाल्याचं. सलिल कंटाळून म्हणाला, मग घरंच बदलून घ्या ना. तो गंमत करत होता. जाईबाईंनी विचारलं, “कवा?”

अकरा महिन्यांचा करार. भाडं कुणीच कुणाला द्यायचं नाही. एकतीस डिसेंबरला ज्याचं त्याला परत.

निघताना त्या देवांच्या कोनाड्यापुढे थांबल्या. चांदीचे टाक, काळवंडलेले. “देव हितंच ऱ्हातील. मी परत येन तवा हितंच पायजेत. यांना दिवा लाव, न तुलशीलापन. तुलशीचा मना वरशी दिसंल.”

माझा देवाबिवावर विश्वास नाही. हो म्हटलं.

गोपीनाथने मला बाजूला घेतलं. “मॅडम, आई देव सोडून कुठे राहत नाय. लग्नाला गेली तरी संध्याकाळी घरी. बघा, अकरा महिने टिकते का.”

“म्हणजे देव हे तिचं डिपॉझिट,” सलिल म्हणाला.

२ फेब्रुवारी

यंदाचे संकल्प, सावकाश, चहा घेत. भांडी निम्मी. जेवण घरी शिजेल तेच, दारात डिलिव्हरीवाला नको. आजूबाजूची माणसं नावानिशी माहीत हवीत – टॉवरमध्ये सहा वर्षांत मला एक गोपीनाथ माहीत झाला. आणि रोज पाण्याकाठी काही न करता बसायचं.

सलिलला विचारलं, तुझे संकल्प? म्हणाला, डास.

३ फेब्रुवारी

काही न करता बसले. साडेसहा वाजता. बसल्या बसल्या शुक्रवारचं सदर मनात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहून काढलं. म्हणजे संकल्प मोडला. सदर मात्र झालं!

११ फेब्रुवारी

सात वाजून गेले आणि फोन. “नीरजा, दिवा नाय दिसत गो.” लावायची विसरले होते. धावत जाऊन लावला. “दिसला,” म्हणाल्या आणि ठेवला. हॅलो नाही, काही नाही. तीस वर्षं वर्तमानपत्राची पुरवणी काढली, पान उशिरा सुटलं म्हणून असा फोन एकाही संपादकाने केला नाही.

२ मार्च

सलिल आणि मी रोज एकाच गोष्टीवर वाद घालतो. तो म्हणतो, हा समुद्र नाही, खाडी आहे. समोर तिवरं, चिखल, ओहोटीला वास, पलीकडे पुलावर गाड्यांची रांग. टॉवरच्या जाहिरातीत ‘सी-फेसिंग’ लिहिलं होतं तेव्हाही तो असाच हसला होता. मी म्हणते, भरती येते, ओहोटी लागते, पाणी खारट. आणखी काय हवं?

आज जाईबाई फोनवर होत्या, त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, “दर्याच हाय तो. आपल्या घरा येऊन बसलाय.”

मी जिंकले, असं नमूद करते.

६ एप्रिल

मोठी चूक झाली माझी. जाईबाई एकवीरेच्या यात्रेहून परतताना गाडी वळवून इथे आल्या. कोनाड्यापुढे नारळ ठेवला आणि विचारलं, देवांना काय काय दाखवलंस? मी अभिमानाने सांगितलं. रोज दूधसाखर, सणाला शिरा, पाडव्याला श्रीखंड. डोंबिवलीत वाढलेल्या मला देव म्हणजे गोडखाऊ, एवढंच माहीत.

त्या ओटीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “दोन म्हयने गोड! आमच्या एकवीरा आईला तिखाट लागतं गो. तिचं तोंड बघ कसं झालंय!”

मी खरंच पाहिलं. टाक चिंचेने घासल्यापासून चेहरे स्पष्ट दिसतात. जरा वैतागलेली वाटली खरी.

सलिल तातडीने पिशवी घेऊन निघाला. कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी. इतक्या भक्तिभावाने काही करताना मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं. नैवेद्य दाखवून झाल्यावर दोनदा वाढून घेतलं. आता विचारतो, पुढचा सण कधी?

१९ मे

भांडी निम्म्याहून कमी. इथे आणलीच नव्हती, त्यामुळे यात माझं कौतुक नाही. पण एका कढईत सगळं होतं हे साठीला टेकल्यावर कळावं!

जाईबाईंचं वर उलट चाललंय. मिक्सर, ओव्हन, वॉशिंग मशीन, सगळं चालवून पाहिलं. लिफ्टने शेवटच्या मजल्यापर्यंत जातात आणि उतरतात. “काम काय नाय. बघाया,” असं वॉचमनला सांगतात.

३० जून

सहामाही हिशेब, संकल्पांचा. डिलिव्हरी – एकदाच पिझ्झा. सलिल म्हणतो तो नातवाने मागवला, म्हणून धरायचा नाही. पण नातू पुण्यात आहे. त्याने तिथून मागवून इथे पाठवला! सलिलनेच सांगितलं असणार. माणसं – गल्लीतल्या सगळ्यांची नावं येतात, मागच्या घरातल्या बायजाच्या तिन्ही कोंबड्यांचीसुद्धा. काही न करता बसणे – अजिबात नाही. बसते, पण मनात कामं चालूच.

२६ जुलै

आज उधाण. दुपारी दोनच्या सुमारास पाणी अंगणात आलं, तुळशीला वळसा घालून पहिल्या पायरीशी. जाईबाईंचा फोन. काळजी करू नको, दुसऱ्या पायरीला थांबतं, आमच्या सासऱ्यानं जोतं मापून बांधलंय.

थांबलं नाही. तिसऱ्या पायरीला लागलं.

गोपीनाथ पाण्यातून त्याची भलीमोठी गाडी घेऊन आला. म्हणाला, तुम्ही दोघं चला आणि देव पण द्या, रात्रीपुरते वर ठेवतो. मी टाक कोनाड्यातून काढून ओच्यात घेतले होतेच. तेवढ्यात त्याच्या फोनवर जाईबाई. स्पीकर नव्हता तरी सगळ्यांना ऐकू आलं. “देव आनू नको! वर आनलं त मंग ते वरचंच झालं. मी अजून ठरवला नाय!”

गोपीनाथने हात वर केले. सलिलला म्हटलं, तू जा गाडीतून. तो म्हणाला, तू आणि देव इथे, मी तिकडे काय करू? आणि माझ्याशेजारी येऊन बसला.

तर मी पलंगावर, मांडीवर टाक, पाय वर. पाणी चौथ्या पायरीकडे बघत राहिलं आणि हळूहळू मागे सरलं. सगळी ओहोटी पाहिली. आधी पायरी दिसली, मग तुळस, मग सलिलची एक चप्पल. दुसरी खाडीत गेली ती गेलीच.

देव परत मांडून चहा ठेवला तेव्हा लक्षात आलं. इतका वेळ मी सदराचा, शुक्रवारचा, कशाकशाचा विचार केला नव्हता. काही न करता बसणे – झालं! वर्षात पहिल्यांदा.

आणि एक गोष्ट नोंदवते. ‘मी अजून ठरवला नाय.’ हे त्यांनी फेब्रुवारीत म्हटलं नव्हतं. तेव्हा परत यायचं ठरलेलंच होतं.

२७ जुलै

सलिलने नव्या चपला आणल्या. दोन जोड. एक जोड पुढच्या पावसाळ्यातल्या उधाणाला म्हणे. म्हणजे पुढच्या वर्षीचं उधाण!

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सगळी गल्ली पाण्याशी. माझा नारळ चिखलात रुतला. बायजाने तो काढून हातात दिला आणि म्हणाली, जोरात टाक, लाजतीस काय!

इथे राहायचंय मला. हे वाक्य लिहायला सहा महिने लागले.

१४ ऑक्टोबर

टॉवरच्या ग्रुपवर गदारोळ. फ्लॅट माझ्या नावावर, म्हणून सगळे संदेश मला. जाईबाईंनी अठराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत दोरी बांधून बोंबील वाळत घातले! सतराव्या मजल्यापासून खाली वास. एकाने ‘ही कुठली संस्कृती’ असं लिहिलं. त्याला उत्तर द्यायला घेतलं होतं, सलिलने फोन काढून घेतला.

जाईबाईंना कळवलं, जमेल तितक्या हळुवारपणे. त्या म्हणाल्या, “माज्याच शेतावर मना बोंबील सुकवायचा नाय?”



१६ ऑक्टोबर

बोंबील आता इथे. आमच्या – त्यांच्या – अंगणात. सकाळी गोपीनाथ त्यांना सोडतो, दिवसभर त्या ओटीवर बसून कावळे हाकतात. मला छान वाटतं. मी सदर लिहिते, त्या बायजाशी भांडतात, सलिल आतून चहा आणतो.

पण दुपारी त्या ओटीच्या खांबावर हात फिरवत होत्या. पुन्हा पुन्हा. मला पुढचं लिहिता येईना.

९ नोव्हेंबर

रोज येतात. येतात, देवांशी बोलतात, बोंबील उलटतात. आज म्हणाल्या, वर वारा लय, पन मानसाचा आवाज नाय.

सगळं स्पष्ट आहे. त्यांना परत यायचंय, आणि घर त्यांचं आहे. मी कोण अडवणार! आयुष्यभर लोकांना नको ते प्रश्न विचारून पोट भरलं. हा एक प्रश्न विचारवत नाही. विचारलं तर त्यांना वाटेल मी घर मागतेय. आणि मागतेच आहे.

सलिल म्हणतो, मग मी विचारतो. त्याला शपथ घातली.

१ डिसेंबर

सलिलला सांगितलं, वीसपर्यंत सगळं बांधून हवं. त्याने विचारलं, “ही तुझी तारीख की खरी तारीख?”

पुरवणीतली सवय. लेखकाला पंधराला मजकूर हवा म्हणून सांगायचं, खरी तारीख वीस. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, नवऱ्यालाही तशाच तारखा दिल्या. त्यामुळे हा कशावरच विश्वास ठेवत नाही. या वेळी मात्र तारखेवरून नाही. आवरायचंच नाहीये त्याला! फेब्रुवारीत ‘डास’ म्हणणारा माणूस आज मच्छरदाणी काढू देईना.

२० डिसेंबर

बांधलं. सगळं मिळून पाच खोकी. इतकी कमी, की ‘साधं घर’ हा संकल्प पुरा झाला म्हणायचा. साधेपणा घेऊन वर जाऊ. तोही चालेल लिफ्टमध्ये.

असं लिहिलं की बरं वाटेल वाटलं होतं. पण नाही वाटलं.

२८ डिसेंबर

गोपीनाथ आला होता. आई परवा सकाळी येतेय, ओटी रिकामी ठेवा म्हणाला. नजर चुकवत होता. बिचारा! आई समोरच्या दारातून जाणार, त्याला आपल्यापेक्षा जास्त वाईट वाटत असेल, सलिल म्हणाला.

संध्याकाळी दोन्ही दिवे लावले. फोनची वाट पाहिली. आला नाही, म्हणजे दिसला असणार.

२९ डिसेंबर

टाक घासले, चिंचेने. देवघर जसं मिळालं त्याहून स्वच्छ परत द्यायचं. सलिलने न सांगता कोंबडी आणली. निरोपाचा नैवेद्य, तिखट. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आज वैतागलेली नव्हती. मीच होते.

पुढच्या वर्षाचे संकल्प लिहायला बसले. पान कोरं.

३० डिसेंबर

जाईबाई ताट घेऊन आल्या. ताटात नवं लाल कापड. सामान नव्हतं. त्यांनी एकेक टाक काढला, कापडात बांधला, कोनाड्याच्या पाया पडल्या आणि गोपीनाथला म्हणाल्या, चल, लिफ्ट बोलाव.

पायरीवर थांबून मागे वळल्या. “तुलशीचा दिवा चुकवू नको. मी वरशी बघतय.”