गप्प बसण्याचं प्रशिक्षण

७ जुलै, सोमवार
पाय भरून आलेत. वर्गातल्या खुर्च्या पाच वर्षांच्या मुलांच्या मापाच्या, आणि त्यांवर बसून मी त्रेचाळिसाव्या वर्षी सहाय्यक शिक्षिका व्हायला शिकतेय. कागदावर मी 'अप्रेंटिस'. माझा नवरा परेश म्हणाला, "अप्रेंटिस तर सांवेर रोडच्या कारखान्यात असतात, हातात पाना घेऊन." आणि एकटाच हसला. मला झोप येत होती.

१० जुलै
वर्गशिक्षिका इरावती मॅम माझ्या भाचीच्या वयाची. मला शिकवायचं काम तिच्याकडे. तीही आमच्यासारखीच इंदूरची मराठी, पण वर्गात सगळं हिंदीत. मला बाजूला घेऊन म्हणाली, "चारुलताजी, मुलांचं काम आपण नाही करायचं. बस्ता त्यांनी उघडायचा, डबा त्यांनी उघडायचा, आणि जवाब तर बिलकुल त्यांनीच द्यायचा." मी मान डोलावली आणि मधल्या सुट्टीत निम्म्या वर्गाचे डबे उघडून दिले. काय करणार, झाकणं घट्ट असतात.

१८ जुलै
नवी मुलगी आली — श्रिया. वडील नाशिकहून बदली होऊन इथल्या औषधांच्या कंपनीत आलेत. हिंदी येत नसावी, तोंडच उघडत नाही. मॅमनी तिला माझ्या शेजारी बसवलं. "हिला तुम्ही मराठीतून सांभाळा." जीव भांड्यात पडला. चला, एक तरी काम मला जमण्यासारखं!
मॅमनी विचारलं, "बेटा, फेवरेट फल?" मी तिला मराठीत सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मॅम, आम." आंबा कोणाला आवडत नाही?

२९ जुलै
श्रियाला आज आवडता रंग विचारला. मी निळा सांगितला.

६ ऑगस्ट
शाळा सुटल्यावर मॅमनी थांबवलं. मला वाटलं, कौतुक करणार. "श्रियाचा एक शब्द नाही ऐकला मी अजून. तुमचे बहोत ऐकले." कान गरम झाले.
सप्टेंबरात प्रशिक्षण संस्थेच्या निरीक्षक बाई येणार. श्रियाला त्या माझ्यासमोर प्रश्न विचारतील. तिने स्वतः उत्तर दिलं तर मला प्रमाणपत्र आणि याच शाळेत कायमची जागा. नाहीतर अख्खं सत्र पुन्हा. मॅम म्हणाली, "प्रश्न ऐकायचा आणि थांबायचं. बस. इतकंच करा."
इतकंच! माहेरी आम्ही पाच बहिणी. जी थांबली तिच्या ताटात पोळी यायची नाही. आणि आता शिक्षण कसलं, तर गप्प बसण्याचं. ई-रिक्षात बसले तेव्हा डोळे भरले होते. स्नेहलतागंज आलं तरी उतरायचं सुचेना. रिक्षावाला म्हणाला, "दीदी, उतरना नी है क्या?"

२० ऑगस्ट
तोंडात खडीसाखर धरून पाहिली. तोंड भरलेलं असलं की बोलता येणार नाही, असा हिशोब. श्रियाला विचारलं, "डब्यात काय आणलंस?" थांबले. तिने माझ्याकडे अगदी शांतपणे पाहिलं, जणू तिला कुठलीच घाई नव्हती. मला मात्र ती शांतता सोसवेना. खडीसाखर कडाकडा चावली आणि म्हटलं, "पोहे ना? आणि वर जिरावण मसाला?" तिने मान डोलावली.
डब्यात पराठा होता.

२ सप्टेंबर
सर्दी. डोकं जड. तरी गेले.

११ सप्टेंबर
थांबायला जमायला लागलंय. पण मी थांबले की तीही थांबते. दोघी एकमेकींकडे बघत बसतो. मॅम म्हणते, "घाबरलेली आहे, वेळ लागेल." वेळच कुठे आहे? आणि मला ही जागा हवी आहे. परेशला नाही बोलले, इथे लिहिते — फार हवी आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार
आल्या बाई. बोलायला गोड. श्रियाजवळ उकिडव्या बसल्या. "बेटा, गीला कचरा कौन से डिब्बे में डालते हैं?" इंदूरचं शेंबडं पोरही सांगेल — हिरव्या. डबा समोरच होता.
मी बोलले नाही. जीभ दातांत धरली. श्रियाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग तिने हळूच माझ्या हाताला हात लावला, पुन्हा लावला. बिचारी! इतकी घाबरली होती, आणि मी दगडासारखी बसून होते. मागून कोणीतरी ओरडलं, "हरा वाला!" झालं.
बाई जाताना म्हणाल्या, "आप रुकीं, ये अच्छा किया. पर बच्ची बोलती ही नहीं. किसी डॉक्टर को दिखाया?" प्रमाणपत्र नाही. दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून.

१७ सप्टेंबर
सोडून द्यावं. दमले. परेश म्हणाला, "बघ बाई, तुझं तू ठरव." एका लेकराला धड बोलतं करता येत नाही, तर कसली शिक्षिका मी? उद्या मॅमला सांगून टाकते.

१८ सप्टेंबर
सकाळी फाटकाशी श्रियाची आई भेटली, क्षितिजा. मी डॉक्टरचं कसंबसं बोलले, तर ती बघतच राहिली. "डॉक्टर? अहो काकू, घरी हिची टकळी क्षणभर बंद नसते. आता तर बिल्डिंगमधल्या पोरांशी हिंदीत भांडते! वर्गात का गं बोलत नाहीस, विचारलं काल. तर म्हणते, तिथे काकू बोलत असतात. मोठी माणसं बोलताना मध्ये बोलायचं नाही, तूच सांगितलंस ना? आणि म्हणे, त्या बाई आल्या तेव्हा काकूंना उत्तरच येईना. मला येत होतं, पण मी नाही सांगितलं. सगळ्यांसमोर काकूंना वाईट वाटलं असतं."