पुलाला पोर लागतं

बाबा, त्या घोंगडीवाल्यानं मला पळवलं नव्हतं. मी माझ्या पायांनी पुलाखाली गेले होते, खेकडे पकडायला.

बोरिवलीच्या पुढचा तो रेल्वेचा पूल गोऱ्या साहेबाच्या काळातला. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी पुरात त्याचा मधला दगडी खांब खिळखिळा झाला आणि नवा बांधायचं काम निघालं. तुम्ही तिथले मुकादम. पाया खणायच्या दिवशी तुम्ही नारळ फोडलात, कोंबडा कापलात, त्याचं रक्त खड्ड्यात सोडलंत. तेवढी रीतच होती. पण वाडीतली पोरं कामावर तडमडू नयेत म्हणून तुम्हीच दारोदार सांगत सुटलात, "कोंबड्यावर नाय भागत त्याचं. पुलाला पोर लागतं!" महिन्याभरात बायका पोरांना दिवसाढवळ्या घरात कोंडून कामाला जायला लागल्या. तुम्हाला त्याचं हसू यायचं.

त्या दुपारी मी गुडघाभर पाण्यात उभी आहे. शेवाळावरून पाय सटकतो आणि मी थेट खांबाच्या खड्ड्यात. नाकातोंडात पाणी. कुणीतरी वेणी धरून मला बाहेर खेचतं. घोंगड्या विकणारा म्हातारा, घाटावरचा. "कुनाची गं तू? चल, आईकडं सोडतो," म्हणत तो मला एका घोंगडीत गुंडाळतो, खांद्यावर टाकतो आणि पुलावरून वाडीकडे निघतो. घोंगडीत बांधलेलं पोर आणि पुलावर परका माणूस, लोकांनी एवढंच बघितलं.

पहिला दगड कुणी मारला ते मला आठवत नाही. तुम्ही धावत आलात, मला खाली ओढलंत. "यानं उचललं तुला? बोल!" तुमचा हात वर होता. पुलाकडे फिरकलीस तर तंगडं मोडीन, ही तंबी आदल्याच दिवशी मिळाली होती. मी मान हलवली, हो म्हणून.

पोर लागतं ही थाप आहे, हे त्या गर्दीत तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी पहार तुम्हीच उचललीत. आधी गुडघा फोडलात. "पान्यात पडली व्हती वो!" असं तो ओरडत राहिला. मग तोंडावर घाव बसला, दात पडले, आणि तो काय म्हणतोय ते कुणाला कळेना. मग बाकीचे तुटून पडले, फावड्यांनी, लाथांनी, तो हलायचा थांबला तरी. त्याची घोंगडी माझ्याच अंगावर होती, तिला तंबाखूचा वास येत होता. पोलिसांना सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, पुलावरून पडला. वाडीतल्या बायका म्हणाल्या, चला, पुलाचं मागणं भागलं, आता पोरं मोकळी. आणि मेला तो खांब टिकलासुद्धा.

मला तुमचा संताप येतो, बाबा, अजून येतो. पण चार शिव्या घालाव्यात म्हटलं की माझीच मान हलताना दिसते.

हे पत्र कुठे पाठवणार? सुनेच्या हाती लागायच्या आत जाळून टाकीन. एवढंच लिहायचं राहिलंय. घाटकोपरच्या खोलीत तुम्ही शेवटचे पडून होतात तेव्हा मला जवळ बोलावून विचारलंत, "त्यानंच नेलं होतं ना गं तुला?" मी म्हणाले, "हो बाबा." मरणाऱ्याला शांतपणे जाऊ द्यावं म्हणून तसं बोलले, असं मी आजवर स्वतःला समजावत आले. ते खोटं आहे. तुमचा उजवा हात कधीचा लुळा पडला होता, पाण्याचा पेलासुद्धा त्याला उचलत नव्हता. मी चाळिशीची बाई, दोन मुलांची आई, त्या हाताकडेच बघत होते. मला वाटलं, तुम्ही माराल.